हृदयतपासणी

हृदयतपासणी म्हणजे रुग्णाची पूर्वपीठिका व शारीरिक तपासणी यांवरून हृदयाच्या स्थितीचा अंदाज घेण्याची वैद्यकीय पद्धत होय. प्रथम छातीतील वेदना, धाप, धडधड, पायांवरील सूज, भोवळ आणि बालपणी येऊन गेलेला ऱ्हुमॅटिक ताप यांविषयी विचारणा केली जाते. नाडी व रक्तदाब मोजल्यावर रुग्णाला ४५ अंशांत टेकवून मानेतील शिरेचा दाब पाहतात. हृदयाग्राचा ठोका सामान्यतः डावीकडील पाचव्या व सहाव्या बरगड्यांच्या मधे लागतो; तो बाहेरच्या बाजूस सरकल्यास हृदय विस्तारल्याची शंका येते. १८१६ मध्ये फ्रेंच वैद्य रने लेनेक यांनी शोधलेल्या स्टेथोस्कोपने झडपांचे ध्वनी ऐकतात. तपासणीत दोष न आढळला, तरी हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा नाकारता येत नाही. म्हणून छातीत दुखत असल्यास ईसीजी आवश्यक ठरतो.