गाळणीवर राहिलेला विषाणू

विषाणूची पहिली ओळख गाळणीने ठरवली, हे आपण आधी लक्षात घेऊ. पाश्चरचे सहकारी चेंबरलँड यांनी 1884 साली चिनीमातीची गाळणी बनवली. जिवाणू तिच्यातून जात नसत. 1892 मध्ये इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस तिच्यातून गाळला, तरी तो रस रोग लावतच राहिला. हे जिवाणूंपेक्षा वेगळं काही आहे, असं 1898 मध्ये बायेरिंक यांनी मांडलं. बरोबरच होतं ते. पण पुढे सवय काय लागली बघा: गाळणीतून गेला तो विषाणू, अडकला तो जिवाणू!

आपल्या वेदान्तात याला तटस्थलक्षण म्हणतात. कावळा बसलाय ते देवदत्ताचं घर. कावळा उडाला की पंचाईत.

तो उडाला इंग्लंडात, ब्रॅडफर्डमध्ये. 1992 साली तिथल्या न्यूमोनियाच्या साथीचं मूळ शोधताना टिमोथी रोबोथम यांना कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबात एक गोल कण दिसला. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, ग्रॅमचा रंग धरतो, म्हणजे जिवाणूच. नावही ठेवलं, ब्रॅडफर्डकॉकस. नमुना पुढे फ्रान्सला मार्सेयला गेला. तिथे ला स्कोला, राऊल्त वगैरे मंडळींनी जिवाणूत हमखास असणारा रायबोसोमचा जनुक शोधला, सापडेना. अखेर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वीस त्रिकोणी पृष्ठांचं कवच दिसलं. हे तर विषाणूचं घर! 2003 मध्ये जाहीर झालं, नाव मिमिव्हायरस, जिवाणूची नक्कल करणारा म्हणून. अकरा वर्षं गेली. उपकरणं हाताशी होती की. शंका सुचली नव्हती.

एचआयव्हीला नऊ जनुकं पुरतात. याची नऊशेवर निघाली, काही तर प्रथिनं बनवण्याच्या कामातली. 2008 मध्ये त्याच्या भाईबंदावर जगणारा छोटा विषाणूही सापडला, स्पुटनिक.

मग उत्साहाच्या भरात काहींनी जीवसृष्टीचं चौथं साम्राज्यच घोषित केलं. आम्हाला ते घाईचं वाटतं. 2017 साली ऑस्ट्रियातल्या सांडपाण्यातून मिळालेल्या क्लोस्नूव्हायरसच्या अभ्यासानं उलट दाखवलं की ही जनुकं बरीचशी यजमानांकडून, थोडीथोडी करून उचललेली असावीत. मूळ विषाणू लहानच, संसार नंतर वाढला.

आणि हो, हे सगळं तिकडचंच नाही. पवई तलावातून आणि मुंबईच्या सांडपाण्यातूनही असे महाविषाणू मिळाल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तिथेही ते अमीबातच वाढवले.