किनाऱ्याची साक्ष

वाळूत वा गाळात पुरले गेलेले शंखशिंपले युगानुयुगे टिकू शकतात. खडकाळ किनाऱ्यावरील जीवांना मात्र हे भाग्य क्वचितच लाभते. खडकाला घट्ट चिकटलेली कालवेही अखेर लाटांच्या माऱ्याखाली फुटतात व त्यांचा चुरा होतो. म्हणूनच प्राचीन किनारा नेमका कोठे होता, याचा पुरावा दुर्मीळ असतो. अशा पुराव्याची दोन उदाहरणे आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बंदिवान म्हणून रोमला जाताना संत पौल ज्या पुत्युल बंदरात उतरले, ते आजचे इटलीतील पोत्सुओली. त्यांच्यानंतरच्या काळात तेथे बांधलेली रोमन बाजारपेठ १७५० साली उत्खननात सापडली. सेरापिस देवाची मूर्ती मिळाल्याने प्रथम तिला मंदिरच समजले गेले. तिचे तीन संगमरवरी खांब आजही उभे आहेत. खालचे सुमारे १२ फूट ते गुळगुळीत आहेत. त्यावरचा ९ फुटांचा पट्टा मात्र छिद्रांनी भरला आहे. ही छिद्रे दगड पोखरून राहणाऱ्या सागरी शिंपल्यांनी पाडलेली. खालचा भाग गाळात गाडला गेल्याने वाचला. अर्थात ही भूमी खांबांसह समुद्रात खचली आणि पुन्हा वर आली. चार्ल्स लायल यांनी १८३० साली आपल्या भूशास्त्रविषयक ग्रंथाच्या पहिल्या खंडात याच खांबांचे मुखचित्र दिले.

तो खंड सोबत घेऊन निघालेले तरुण चार्ल्स डार्विन जानेवारी १८३२ मध्ये अटलांटिकमधील सान्तियागो बेटावर उतरले. तेथील कड्यात, समुद्रापासून सुमारे ४५ फूट उंचीवर, त्यांना शिंपल्यांनी भरलेला पांढरा चुनखडकाचा पट्टा आढळला. त्याच्या खाली जुना ज्वालामुखी खडक होता, तर वर थिजलेला लाव्हारस. शिंपले समुद्रतळाशी असतानाच त्यांवर लाव्हारस पसरला व पुढे तो तळ वर उचलला गेला, हे त्यांनी ओळखले. त्या बेटाचा जुना समुद्र असा लाव्हारसाच्या आच्छादनाखाली जपला गेला होता.

पोत्सुओलीची भूमी आजही स्थिर नाही. १९८२ ते १९८४ या काळात ती सुमारे ६ फूट वर आली व हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. २००५ पासून ती पुन्हा उचलली जात आहे. जमिनीची ही हालचाल किती मोठी असू शकते, याचे माप त्या गावाजवळ आधीपासूनच आहे. खांबांवरील सर्वांत वरचे छिद्र तळापासून सुमारे २१ फुटांवर आहे. एके काळी समुद्र निदान तेथवर पोहोचला होता.