मिश्रक ते औषधनिर्माता : औषधसेवेतील प्रशिक्षित मनुष्यबळाचा ऐतिहासिक मागोवा

भारतातील आधुनिक वैद्यकाच्या इतिहासात डॉक्टर आणि रुग्णालये यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु डॉक्टरच्या चिठ्ठीनुसार औषध प्रत्यक्ष तयार करून रुग्णाच्या हाती देणाऱ्या माणसाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. लोक त्याला कंपाउंडर म्हणत; शासकीय मराठीने त्याला ‘मिश्रक’ हे नेमके नाव दिले. या मिश्रकाचे प्रशिक्षण कसे घडले आणि कायद्याने त्याला कोणते स्थान दिले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कंपाउंडरांना औपचारिक प्रशिक्षण देण्याची सुरुवात बंगालमध्ये 1881 च्या सुमारास झाली. तथापि देशभरातील बहुसंख्य मिश्रक दवाखान्यातच, पाहून आणि करून शिकत. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. एका द्रव औंसाचे 8 ड्रॅम, एका ड्रॅमचे 60 मिनिम, ही मापे तोंडपाठ असावी लागत. खलात चूर्ण घोटणे, पाण्यात न विरघळणारे द्रव्य मिश्रणात तरंगत राहील असे बेतणे, काचेच्या पाटीवर मलम एकजीव करणे, समान वजनाच्या पुड्या बांधणे आणि शेवटी बाटलीवर मात्रांच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवणे, ही सारी कौशल्ये हाताची होती. ती पट्टी म्हणजे निरक्षर रुग्णासाठी केलेली सूचनाच होय. आज ज्याला रुग्ण-समुपदेशन म्हटले जाते त्याचा हा साधा पूर्वज मानण्यास हरकत नसावी. मात्र त्याच्या चुकीची जबाबदारी कोणाची, हे ठरवणारी अखिल भारतीय व्यवस्था नव्हती.

बदलाची प्रेरणा प्रशिक्षणाच्या चिंतेतून आली नाही, ती बाजारातील भेसळीतून आली, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर निकृष्ट औषधांचा, विशेषतः हिणकस क्विनाइनचा, सुळसुळाट झाला. हिवतापाने ग्रासलेल्या देशात याचा अर्थ काय होता हे वेगळे सांगावयास नको. 1927 मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये सर हारून जाफर यांनी औषधांच्या प्रमाणीकरणासाठी कायदा करण्याचा ठराव मांडला. त्यानंतर 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली. औषधांवर केंद्रीय नियंत्रण, तपासणीसाठी प्रयोगशाळा आणि औषधव्यावसायिकांचे प्रशिक्षण व नोंदणी हे तिच्या 1931 च्या अहवालाचे सूत्र होते. सरकारने मात्र घाई केली नाही. औषधांविषयीचा कायदा 1940 मध्ये आला आणि ती देणाऱ्या व्यक्तींविषयीचा, म्हणजे फार्मसी कायदा, 1948 मध्ये. मालाची व्यवस्था आधी लागली. माणसाला आठ वर्षे थांबावे लागले.

दरम्यान बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी 1932 पासून औषधी रसायनशास्त्राचे अध्यापन सुरू केले आणि 1937 मध्ये तेथे बी.फार्म. पदवी अस्तित्वात आली. तिचा रोख औषधांचे उत्पादन व पृथक्करण यांकडे होता. दवाखान्यातील मिश्रकापर्यंत ही विद्या पोहोचली नाही.

1948 च्या कायद्याने पहिली नोंदवही तयार करताना एक उदार निर्णय घेतला. पदवी-पदविकाधारकांबरोबरच कंपाउंडरची मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना, तसेच रुग्णालयात वा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेल्यांनाही नोंदणी खुली ठेवली. अनुभवाला विद्येची मान्यता मिळाली. पुढे मात्र मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हाच तत्त्वतः एकमेव मार्ग राहिला. नोंदणीकृत औषधनिर्मात्याखेरीज इतर कोणी चिठ्ठीवरील औषध देऊ नये, असे सांगणारे कलम 42 कधी अंमलात आणावयाचे हे आरंभी राज्यांवर सोडले होते. 1976 च्या दुरुस्तीने ही ढिलाई मुदतीत बांधली.

1991 च्या शिक्षण विनियमांनी पदविकेचे रूप निश्चित केले : विज्ञान शाखेतील बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. परंतु विद्यार्थी मिश्रणे व मलमे करण्यास शिकत असताना दुकानात कारखान्यातून आलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या रचलेल्या होत्या. हात शिकले ते काम उरले नव्हते. उरले होते ते चिठ्ठी तपासणे, दोन औषधांचा परस्परविरोध ओळखणे, रुग्णाला समजावणे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी या कामाला कर्तव्याचा दर्जा दिला. 2020 मध्ये पदविकेचा अभ्यासक्रम बदलला आणि 2022 मध्ये पदविकेनंतरच्या निर्गमन परीक्षेचे विनियम निघाले.

अन्य देशांनी येथे दोन पायऱ्या केल्या आहेत. ब्रिटनमध्ये फार्मसी टेक्निशियनची नोंदणी 2011 पासून बंधनकारक आहे. तो फार्मासिस्टच्या हाताखाली काम करतो, पण स्वतःच्या चुकीचे उत्तरही स्वतःच देतो. आपल्या फार्मसी कायद्याने एकच पायरी ठेवली. तिच्याखाली जो मदतनीस प्रत्यक्ष औषध काढून देतो, त्याची नोंदवही नाही. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर हात दुसऱ्याचे, ही विसंगती मला केवळ नैतिक ऱ्हासाची वाटत नाही. मधली पायरीच न बांधल्याचा तो परिणाम आहे. 29 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील बनावट औषधनिर्मात्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा आदेश रद्द ठरवला आणि नोंदणी नसलेल्या व्यक्तींनी औषधे देणे हे नागरिकांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचे स्पष्ट केले. त्याच कलम 42 मध्ये एक अपवाद आरंभापासून आहे. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध दिल्यास ते कलम लागू होत नाही. गावोगावच्या दवाखान्यांतील कंपाउंडर याच अपवादाच्या आडोशाला आजही उभा आहे.