रास्पबेरी पायवर नेटवर्क दिसत नाही? बोर्ड बदलण्याआधी हे तपासा

रास्पबेरी पाय सुरू होतो, पडद्यावर डेस्कटॉपही येतो, पण इंटरनेट नाही. मग कोणी राऊटर बंद-चालू करतं, कोणी मेमरी कार्ड पुसून सगळी सिस्टीम नव्याने टाकतं, तर कोणी बोर्डच गेला म्हणून नव्याची ऑर्डर देतं. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर काढायला हवं. बोर्डाला नेटवर्कचं हार्डवेअर सापडतच नाहीये, की सापडलंय पण जोडणी होत नाहीये? दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

पहिली पायरी: नाव आहे का बघा

टर्मिनल उघडून ‘आयपी ए’ ही कमांड द्या. आधी आय-पी, मग एक जागा सोडून ए. यादीत ‘लो’ नेहमीच असतं, ते सोडून द्या. ‘ईथ०’ म्हणजे केबलचं लॅन आणि ‘डब्ल्यूलॅन०’ म्हणजे वाय-फाय. काही लिनक्सवर ‘ईथ०’च्या जागी ‘एन्ड०’ दिसतं.

नाव आहे आणि सोबत ‘नो-कॅरियर’ लिहिलंय, तर हार्डवेअर सापडलेलं आहे. केबल बदलून बघा, राऊटरचा दुसरा पोर्ट वापरा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर केबलही ठीक आहे, फक्त राऊटरकडून आयपी मिळालेला नाही. दोन्ही वेळा बोर्डाचा दोष धरू नका. नावच नसेल, तर पुढच्या पायऱ्या.

दुसरी पायरी: वीज

मोबाइलचा जुना चार्जर लावून पाय चालवणं हे नेहमीचं दुखणं. पाय ३ ला ५ व्होल्ट आणि २.५ अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर, तर पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर सुचवलेला आहे. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की पडद्यावर विजेचं चिन्ह येतं. ‘व्हीसीजेनकमांड गेट थ्रॉटल्ड’ असं विचारल्यावर उत्तर ‘०एक्स०’ आलं तर सुरू केल्यापासून वीज कमी पडलेली नाही. ही कमांड टाइप करताना कमांड शब्द ‘सी-एम-डी’ असा तोकडा लिहायचा आणि गेट व थ्रॉटल्ड यांच्यामध्ये खालची रेघ द्यायची. दुसरा आकडा आला तर आधी अडॅप्टर आणि त्याची वायर बदला, मगच पुढे जा.

तिसरी पायरी: आपलं मॉडेल कोणतं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लॅनची चिप प्रत्येक मॉडेलमध्ये एकाच ठिकाणी जोडलेली नसते.

• लॅन पोर्ट असलेले जुने पाय, म्हणजे ३ बी प्लसपर्यंतचे: लॅन यूएसबीवरून चालतं. ‘एल-एस-यू-एस-बी’ कमांड दिली की ते यादीत दिसायला हवं. त्याच्या ओळखक्रमांकाची सुरुवात ०४२४ ने होते. यूएसबीचे पोर्ट आणि लॅन एकाच चिपवर असल्याने दोन्ही एकदम गेले, तर संशय त्या चिपवर घ्या.

• पाय ४, म्हणजे २०१९ चा: लॅन थेट मुख्य प्रोसेसरशी जोडलेलं आहे. ते यूएसबीच्या यादीत दिसणारच नाही. तिथे नाही म्हणून ‘लॅन गेलं’ असं समजू नका.

• पाय ५, म्हणजे २०२३ चा: लॅन आणि यूएसबी दोन्ही आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमधून येतात.

• पाय झिरोला लॅनचा पोर्टच नाही. वाय-फायही फक्त ‘डब्ल्यू’ असलेल्या मॉडेलमध्ये.

वाय-फाय दिसत नसेल तर

बोर्डावरचं वाय-फाय यूएसबीवर नसतं, म्हणून त्याही यादीत ते शोधू नका. ‘आर-एफ-किल लिस्ट’ ही कमांड द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ आलं, तर वाय-फाय बिघडलेलं नाही, बंद ठेवलेलं आहे. ३ बी प्लस आणि नंतरच्या मॉडेलवर देश निवडल्याशिवाय सिस्टीम ते चालू करत नाही. रास्पी-कॉन्फिगमध्ये लोकलायझेशनच्या भागात जाऊन देश म्हणून भारत, म्हणजे आय-एन, निवडा आणि पुन्हा सुरू करा.

पाय ३ बी, झिरो डब्ल्यू आणि झिरो २ डब्ल्यू यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. राऊटरचं नाव ५ गिगाहर्ट्झवरच सुरू असेल, तर मोबाइलवर ते दिसेल, इथे नाही.

बाहेरून लावलेलं डोंगल

यूएसबीच्या यादीत डोंगलचा क्रमांक दिसतोय पण ‘आयपी ए’मध्ये नाव नाही, तर बहुधा ड्रायव्हर नाही. खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर शोधू नका. एकाच नावाच्या डोंगलमध्ये वेगवेगळ्या चिप निघतात. यादीतला क्रमांक धरून शोधा. काही डोंगल आधी सीडीसारखी दिसतात. त्यांच्यासाठी ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज लागतं.

विजा कडाडल्यानंतर

वळिवाच्या दिवसांत ही तक्रार जास्त महत्त्वाची. लॅनची केबल गच्चीवरून किंवा दोन इमारतींमधून ओढलेली असेल, तर विजेचा झटका तिच्यातून थेट पोर्टपर्यंत येतो. लॅन गेलं तरी बोर्ड टाकून देऊ नका. पाय ३ वर यूएसबी गेलं तरी वाय-फाय चालू राहू शकतं, कारण त्याची वाट वेगळी आहे. पाय ४ वर यूएसबी शाबूत असेल तर यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावून काम भागतं. आभाळ भरून आलं की केबल काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

एवढं करूनही नाव आलं नाही तर ‘सुडो डी-मेसेज’ देऊन त्यातल्या ईथ किंवा बीआरसीएम असलेल्या ओळी उतरवून घ्या. बीआरसीएमची ओळ ‘फर्मवेअर’ फाइल सापडत नाही असं सांगत असेल, तर सिस्टीम अपडेट करून बघा. ते नसेल, तर बोर्ड शहरातल्या दुकानात नेताना मॉडेल, अडॅप्टरचा आकडा आणि या ओळी कागदावर सोबत द्या.