उघडता येणारे इंजिन

ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने एक्सके १२० ही स्पोर्ट्‌स कार मांडली. नावातला १२० हा आकडा ताशी १२० मैल या वेगाचा. तिच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाची आखणी युद्धकाळातली. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यावर बाँब पडून आग लागली तर विझवायला रात्रपाळीचा पहारा असे. त्या पहाऱ्यावर बसून विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे अभियंते या इंजिनाविषयी चर्चा करत. या घराण्यातली इंजिने पुढे १९९२ पर्यंत तयार होत राहिली.

आज अनेक हौशी लोक ही जुनी इंजिने घरच्या गॅरेजमध्ये पूर्ण सुटी करतात, पुन्हा जोडतात आणि ती चालतातही. हे कशामुळे शक्य होते? हाताचे कौशल्य हवेच. पण त्यामागे शंभर वर्षांचा मोजमापाचा इतिहास आहे.

साधा नट-बोल्ट घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेल याची खात्री नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी सुचवले की आट्यांचा कोन सर्वांनी ५५ अंश ठेवावा आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे किती आटे हेही ठरवून घ्यावे. तेव्हापासून हरवलेला बोल्ट विकत मिळू लागला.

बेअरिंगचेही तसेच. पूर्वी मऊ मिश्रधातू वितळवून जागेवरच ओतत आणि कुशल कारागीर तो हाताने खरवडून दांड्याशी जुळवी. पुढे पातळ, तयार अर्धगोल कवचे आली. क्रँकशाफ्ट झिजला तर तो इंचाच्या १० किंवा २० हजारांशाने घासून लहान करायचा आणि तेवढ्याच जाड कवचांची जोडी आणून बसवायची.

एक्सके इंजिनाच्या झडपांमध्ये तर ही मापे अक्षरांत लिहिलेली आहेत. झडप आणि कॅम यांच्यातील फट एका लहान चकतीच्या जाडीने ठरते. ‘ए’ चकती ०.०८५ इंच जाड, ‘बी’ ०.०८६ आणि असे एकेका हजारांशाने वाढत ‘झेड’ ०.११० इंच. समजा, फट ०.००९ इंच भरली, हवी ०.००४ आणि आत ‘एफ’ चकती आहे. मग किती जाड चकती हवी? पाच हजारांश अधिक, म्हणजे ‘के’. हे गणित सहावीतला विद्यार्थीही करील!

मात्र सगळेच भाग बदलता येत नाहीत. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवरची झाकणे इंजिनाच्या ठोकळ्याला घट्ट बसवून, दोन्हींत मिळून एकच भोक पाडलेले असते. म्हणून त्यांच्यावर क्रमांक कोरतात. दोन झाकणांची अदलाबदल झाली तर भोक गोल राहत नाही आणि क्रँकशाफ्ट अडकतो. सुटे करताना प्रत्येक भाग क्रमाने मांडून ठेवायचा तो यासाठी.

या अक्षरांचा आणि क्रमांकांचा अर्थ आपण नीट लक्षात घ्यायला हवा. हे यंत्र उद्या कुणीतरी अनोळखी माणूस उघडणार आहे, असे ते बनवणाऱ्यांनी गृहीत धरले होते. आज आपल्या घरातली कित्येक उपकरणे डिंकाने चिकटवून बंद केलेली असतात. ती बिघडली की फेकली जातात आणि आत काय होते हे मुलांना कधीच दिसत नाही.

जॅग्वारचे इंजिन शाळेत आणता येणार नाही. त्याची मापे मात्र फळ्यावर मांडता येतील. सिलिंडरचा व्यास ८३ मि.मी., दट्ट्याची धाव १०६ मि.मी., सिलिंडर सहा. एकूण आकारमान मुलांना काढू द्या. ते सुमारे ३४४१ घ.सें.मी. येईल. मग बंद पडलेला सायकलचा पंप त्यांच्या हाती द्या. प्रत्येक भागाचे चित्र, माप आणि क्रमांक वहीत उतरवून मगच तो सुटा करायचा, आणि दुसऱ्या गटाने केवळ त्या वहीवरून जोडायचा. वही किती नेमकी झाली, हे पंपच सांगेल.