वंगण: बंजाऱ्यांच्या बैलापासून ट्रकच्या शाफ्टपर्यंत

१/ इतिहासाच्या पुस्तकांत चाकाला मोठा मान आहे, वंगणाला नाही. तरीही यवतमाळचा कापूस बाजारात आणि तिथून मुंबईला पोहोचला तो दोघांच्याही जोरावर. ट्रकचा शाफ्ट पुन्हा बसवताना मेकॅनिक आधी ग्रीस का लावतो, या साध्या प्रश्नामागे या जिल्ह्याच्या वाहतुकीचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यावर हा थ्रेड.

२/ आरंभ चाकाविना होतो. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा बराचसा कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. बंजाऱ्यांचे तांडे तो गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत, सुमारे ५०० मैल नेत. या वाहतुकीला चारा लागे, पाणी लागे, पावसाळ्यात थांबावे लागे. मात्र तीत फिरणारा एकही भाग नव्हता. त्यामुळे तेलाचे काम नव्हते.

३/ १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर भारतीय कापसाकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली, पण यवतमाळ मुख्य मार्गापासून दूरच राहिले. जवळचे स्टेशन धामणगाव, सडकेने २९ मैल. हे अंतर आता बंडीने तोडायचे होते.

४/ बंडीचे चाक आसाभोवती फिरते. आस आणि तुंबा यांच्यामध्ये काही नसेल, तर बैलांची ताकद ओझे ओढण्याऐवजी घर्षणात जाते. चाक करकरते, तापते, झिजते. उपाय एकच: टोकाची खीळ काढायची, चाक बाहेर सरकवायचे, जुना काळा थर पुसायचा, नवे वंगण भरायचे आणि मगच चाक परत चढवायचे. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

५/ वंगणासाठी कोणतेही तेल चालत नाही. जवसाचे तेल हवेत सुकून कडक होते, म्हणून ते रंगाला उत्तम आणि आसाला वाईट. एरंडीचे तेल दाट असते, सुकत नाही आणि दाबाखालीही धातूला धरून राहते. करंजीचे तेलही या कामी येई. म्हणजे गाडीची देखभाल बांधावरच्या झाडावर आणि गावातल्या तेलघाण्यावर अवलंबून होती. त्या खर्चाचा पैसा गावातच फिरत असे.

६/ ही समज फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अंगाला तेल चोळण्याचे महत्त्व सांगताना तीन दाखले येतात: तेल मुरलेली घागर, तेलाने मऊ झालेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस. शरीरही तसेच दृढ होते, असे ग्रंथकार म्हणतो. वैद्याला आसाचा दाखला सुचतो, याचा अर्थ ऐकणाऱ्यांना तो रोजच्या व्यवहारातून ठाऊक होता.

७/ विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग आला. हीच आपली ‘शकुंतला’. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. इंजिनाच्या दांड्यांच्या प्रत्येक सांध्याला हाताने तेल द्यावे लागे. त्या काळच्या डब्यांच्या आसपेटीत तेलात भिजवलेला सुताचा किंवा लोकरीचा पुंजका ठासत. तो कोरडा पडला, की आस तापून गाडी थांबे.

८/ मग मोटार आली आणि नवा प्रश्न घेऊन आली. ट्रकचे इंजिन पुढे, ओढणारी चाके मागे. मध्ये शक्ती नेणारा लांब शाफ्ट. खड्ड्यात मागचा आस वर-खाली होतो, तेव्हा शाफ्टचा कोन बदलतो आणि लांबीही. म्हणून त्याच्या टोकांना वळणारे सांधे असतात, ज्यांना गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात. लांबीसाठी खाचांवर सरकणारा एक जोड असतो.

९/ या सांध्याचा अभ्यास रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकातच केला होता. त्यात एक खोड आहे: सांधा कोनात फिरला, की पुढच्या दांड्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होतो. दोन सांधे नेमक्या जुळणीत बसवले, तर एकाची चूक दुसरा पुसतो. म्हणूनच शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर खूण करतात आणि बसवताना ती जुळवतात. खूण चुकली तर गाडी थरथरते.

१०/ सांध्याचा खरा शत्रू धूळ. क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकी अभियंत्याला १९०३ मध्ये जे पेटंट मिळाले, ते सांध्याभोवतीच्या बंद आवरणाचे होते: आत वंगण टिकावे, बाहेर धूळ राहावी. यवतमाळच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात उडणारा फुफाटा आठवा, म्हणजे या आवरणाचे मोल कळेल.

११/ वंगणही बदलले. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. आधी चुन्यापासून केलेल्या साबणाचे ग्रीस प्रचलित होते. ते पाण्याला दाद देत नसे, पण उष्णतेत टिकत नसे. १९४० च्या दशकात लिथियमच्या साबणाचे ग्रीस आले आणि दोन्ही सोसू लागले. एरंडी मात्र पुरती हरली नाही: १९०९ चे ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडीच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच आले. शिवाय लिथियम ग्रीसचा साबण बहुधा एरंडीच्या तेलातल्या आम्लापासूनच बनतो.

१२/ आता शाफ्ट परत बसवण्याचा क्रम पाहा. जुने ग्रीस आणि माती पुसायची. खाचांवर नवा पातळ थर लावायचा. ठासून भरले तर जोड मोकळेपणी सरकत नाही. खुणा जुळवायच्या, बोल्ट आवळायचे. मग निपलला ग्रीसगन लावून क्रॉसच्या चारही टोकांतून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत दाबायचे. खाचा कोरड्या राहिल्या, तर गाडी उचलताना ‘खण्’ असा आवाज येतो. काढा, पुसा, माखा, चढवा: बंडीचाच क्रम!

१३/ बदलले ते वंगणाचे उगमस्थान. घाण्यावरचे तेल गेले, डब्यातले ग्रीस आले. त्याबरोबर देखभालीचा पैसाही गावाबाहेर गेला. कापसाचे भाव, गाठी, रेल्वेचे करार यांची कागदपत्रे जपली गेली. आसात कोणी, कधी, काय भरले, हे मात्र फारसे कोणी लिहून ठेवले नाही. ते ज्ञान हातांत होते आणि ते हात आता ऐंशीच्या घरात आहेत.

१४/ म्हणून एक विनंती. घरी आजोबा असतील, शेजारी जुना सुतार, लोहार किंवा मिस्त्री असेल, तर त्यांना विचारा: तुमच्याकडे वंगण कशाचे करत? त्यात तेलाबरोबर आणखी काय मिसळत? किती दिवसांनी चाक काढत? उत्तर त्यांच्याच शब्दांत, गावाच्या नावासह खाली लिहा. जिल्ह्याच्या इतिहासातले हे पान अजून कोरे आहे आणि ते भरणारी माणसे अजून आपल्यात आहेत.