कृष्णविवराचे चुंबकत्व आणि पुण्याचा निबंध

ग्वाल्हेरच्या थाटीपुरात आम्हां मराठी घरांतली मुले विज्ञान शिकतात ते हिंदीत नाहीतर इंग्रजीत. कृष्णविवर म्हटले की त्यांच्या तोंडी परदेशी नावेच येतात. म्हणून या इतिहासातला आपल्याकडचा एक दुवा मला सांगावासा वाटतो.

सुरुवात कोल्हापुरात जन्मलेल्या विष्णु वासुदेव नारळीकरांपासून करावी लागेल. १९३२ पासून त्यांनी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात, आमच्यासारखेच हिंदी मुलखात राहून, अध्यापन केले. पुढे ते पुणे विद्यापीठात आले. तेथे मूळचे राजस्थानचे नरेश दधीच त्यांचे विद्यार्थी झाले.

फिरत्या कृष्णविवरातून ऊर्जा काढता येते, असे १९६९ साली रॉजर पेनरोज यांनी दाखवले होते. विवराच्या अगदी जवळ एका कणाचे दोन तुकडे व्हावेत, एकाने आत पडावे आणि दुसऱ्याने मूळ कणापेक्षा अधिक ऊर्जा घेऊन बाहेर यावे. विवराचे फिरणे तेवढे मंदावते. पण लवकरच अडचण निघाली. हे दोन तुकडे प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने एकमेकांपासून दूर जायला हवेत, आणि निसर्गात असे घडणे फार कठीण.

१९८५ साली संजय वाघ, संजीव धुरंधर आणि दधीच यांनी या कल्पनेला जीवदान दिले. विवराभोवती चुंबकीय क्षेत्र आणि तुकड्यांवर विद्युतभार असेल, तर लागणारी ऊर्जा ते क्षेत्रच पुरवते. वेगाची अट उरत नाही. मूळ क्रियेत लाभ फार तर २०.७ टक्के, क्षेत्राच्या साहाय्याने तो शंभराच्याही पुढे जाऊ शकतो, हे १९८६ साली एस. पार्थसारथी यांच्यासह लिहिलेल्या निबंधात आले.

पण असे क्षेत्र खरोखर असते का? त्याचे उत्तर मार्च २०२१ मध्ये मिळाले. एम८७ दीर्घिकेच्या केंद्रात साडेसहा अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचे विवर आहे. त्याच्या कडेच्या ध्रुवित प्रकाशावरून इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या शास्त्रज्ञांनी तेथील क्षेत्र १ ते ३० गाउस असल्याचे काढले. पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गाउस. २०२४ साली आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातही तशीच शिस्तबद्ध चुंबकीय रचना दिसली.

एवढ्याने पुण्याचे गणित सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. एम८७ मधून निघणाऱ्या प्रचंड झोताचे कारण म्हणून ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांची १९७७ ची उपपत्ती अधिक मानली जाते. पण दोहोंचा पाया चुंबकीय क्षेत्रच. तो पाया दिसण्याआधी छत्तीस वर्षे पुण्यात त्यावर विचार झाला होता, एवढे तरी आपल्या मुलांना आपल्या भाषेत कळायला हवे.